बाई कुठं चालल्या?

एका क्रियापदानं माझी कशी फजिती केली, हे सांगायला आता हरकत नाही.

तीस वर्षं मी नागपूरच्या एका शाळेत मराठी शिकवलं. त्या तीस वर्षांत लाल शाईनं मी सर्वांत जास्त काय खोडलं असेल, तर 'राहणे'. आमच्याकडे माणूस जेवत नसतो, तो जेवून राहिलेला असतो. पाऊस पडत नसतो, पडून राहिलेला असतो. 'सूर्य उगवून राहिला होता आणि पक्षी गाऊन राहिले होते' असं मुलांनी निबंधात लिहिलं की मी त्या राहिलेल्या सगळ्यांना खोडून समासात लिहायची, 'प्रमाण भाषेत लिही.' घरी आल्यावर मी स्वतः पोळ्या करून राहायची, त्याचं काही नाही. शाळेची साडी सोडली की शाळेची भाषाही सुटायची.

निवृत्त झाल्यावर एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत माझे चार-दोन लेख छापून आले. पुरवणीचे संपादक पुण्याहून नुकतेच बदलून आलेले, अतिशय सभ्य गृहस्थ. एकदा बोलण्याच्या ओघात मी त्यांना सांगून बसले, की मी कादंबरी लिहायला घेतली आहे. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. मी भरली वांगी करत होते. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये, दोन्ही हात मसाल्यात.

"कादंबरीचं कुठवर आलंय?" त्यांनी विचारलं.

"होऊन राहिली ना," मी म्हणाले.

"अरे वा! उत्तम, उत्तम," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आता 'होऊन राहिली' म्हणजे होत आहे. हळूहळू, देवाच्या दयेनं, कधी ना कधी होईल. पुण्याच्या कानाला मात्र ते असं ऐकू आलं, की कादंबरी होऊन गेली आहे आणि घरात नुसती पडून राहिली आहे. पुढच्याच्या पुढच्या रविवारी पुरवणीत चौकट आली, 'येत्या रविवारपासून नवी धारावाहिक कादंबरी.' खाली माझं नाव, आणि नावाआधी 'ज्येष्ठ लेखिका'.

लगेच फोन करून सांगायला हवं होतं. दोनदा फोन हातात घेतलाही. पण सांगणार काय? की ज्या क्रियापदापायी मी पोरांचे अर्धे-अर्धे गुण कापले, त्यानंच माझा घात केला? आणि खोटं कशाला बोलू, ती चौकट मी चार वेळा वाचली होती. ज्येष्ठ तर ज्येष्ठ. फोन खाली ठेवला.

बरं, कादंबरी अगदीच नव्हती असंही नाही. तिचे मुद्दे होते. मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही मुद्दे म्हणजे काय ते सांगायला नको. 'खालील मुद्द्यांवरून गोष्ट लिहा. योग्य शीर्षक द्या. तात्पर्य लिहा.' एक म्हातारा, चार आळशी मुलं, शेतात पुरलेला हंडा, खणाखणी, भरघोस पीक. मी हा प्रश्न इतक्या वर्गांना शिकवला, की मुद्द्यांशिवाय गोष्ट असते यावर माझा विश्वासच उरला नव्हता. एका जाड वहीत चार वर्षं मी माझ्या कादंबरीचे मुद्दे काढले होते. गांधीबागेत कापडाचा धंदा करणारं एक कुटुंब, तीन पिढ्या, अकरा माणसं, प्रत्येकाचं जन्मसाल, कोणाला मधुमेह, कोणाचं कोणाशी वाकडं, सगळं तक्त्यात. तात्पर्यसुद्धा काढून ठेवलं होतं. लिहायची तेवढी बाकी होती.

सोमवारी सकाळी ती वही उघडून बसले. बुधवारी बाराच्या आत मजकूर द्यायचा होता. पहिल्या मुद्द्यावरून आजोबांना दुकानात आणून बसवलं. ते बसले. काही बोलेनात. दुसऱ्या मुद्द्यावरून मोठ्या मुलाला आणलं. तोही बसला. दुपारपर्यंत मी सात माणसं गादीवर आणून बसवली आणि सातही जण शोकसभेला आल्यासारखे माझ्याकडे बघत होते. मंगळवारी तीच गत. बुधवारी सकाळी नऊ वाजता मी रडायच्या बेतात होते. तेव्हा वही मिटली आणि एका पाठकोऱ्या कागदावर नुसतंच लिहिलं: 'बाईंनी पिशवीत चष्मा, पाण्याची बाटली आणि एक संत्रं टाकलं आणि दाराला कुलूप न लावताच त्या बसस्टँडकडे निघाल्या.'

कोण बाई? मला माहीत नव्हतं. एकच संत्रं का? तेही नाही. पण त्या बाई चालायला लागल्या होत्या, आणि मी मागून जाऊन त्या काय करतात ते लिहीत होते. माझ्या घड्याळात अकरा वाजले, तेव्हा बाई साडेदहाच्या नरखेड एसटीत बसल्या होत्या. माझी चार पानं भरली होती.

इथं माझ्या नवऱ्याची ओळख करून द्यायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ त्याचा आहे. बोलताना मी त्याला 'अहो' म्हणते. लिहिताना एकेरीवर येते. लिहिण्याचे जे थोडे फायदे आहेत, त्यातला हा एक. नवरा बसच्या आगारात वेळापत्रकं तयार करायचा. कोणती गाडी कुठून किती वाजता सुटेल, कुठं किती मिनिटं थांबेल, परत कधी येईल. निवृत्त झाला तरी तो घरातली माणसं तशीच सोडतो आणि परत घेतो. मी बाजारात निघाले की दारातून विचारणार, "किती वाजता येशील?" मी फोन केला, तरी "किती वाजता येतेस?" सव्वासहा म्हटलं आणि साडेसहाला आले, तर घड्याळाकडे बघणार, माझ्याकडे नाही.

मला संगणकावर मराठी उमटवता येत नाही, त्याला येतं. दोन बोटांनी, पण बिनचूक. त्यामुळे माझा कागद आधी त्याच्याकडे गेला. चष्मा लावून त्यानं पहिलं वाक्य वाचलं आणि थांबला.

"कुलूप काहून नाही लावलं वं तिनं?"

"घरात कोणी असन."

"कोण?"

"नवरा असन, अजून कोण?"

"मग त्याले सांगितलं काहून नाही?"

"मले काय माहीत?" मी म्हणाले. "तुम्ही टाइप करा, पावणेबारा होऊन राहिले."

त्यानं टाइप केलं. फक्त गाडीची वेळ बदलून घेतली. साडेदहाला नरखेड गाडी नसते म्हणे. पण त्या दिवशी जेवताना तो गप्प होता. मीही आपल्याच नशेत. वाटलं, वांगं तिखट झालं असेल.

दुसऱ्या भागात कंडक्टरनं बाईंना विचारलं, "कुठं?" बाई म्हणाल्या, "शेवटपर्यंत." हे वाक्य कुठून आलं, देव जाणे. लिहून झाल्यावर मी खुर्चीतल्या खुर्चीत हसले. तिसऱ्या भागात काटोल गेलं, बाईंनी संत्रं सोललं नाही. चौथ्या भागात शेवटपर्यंतचं तिकीट हातात असताना त्या मध्येच एका बगीच्यापाशी उतरल्या. का उतरल्या ते मला त्यांनी सांगितलं नाही. मला त्यांचा रागच आला. माझ्या वर्गातली मुलगी अशी न विचारता उठून गेली असती, तर बाकावर उभी केली असती.

त्या दिवसांतली भीती अजून आठवते. रविवारी छापून आलेलं वाचायचं आणि सुखावायचं. सोमवारी कोरा कागद काढायचा आणि परत ठेवायचा. मंगळवारी कपाटं आवरायची, कारण टेबलापाशी बसण्यापेक्षा काहीही बरं. बुधवारी सकाळी पर्यायच उरायचा नाही, मग बसायचं आणि एक वाक्य लिहायचं. एक वाक्य लिहिलं की दुसरं दिसायचं. तिसरं दिसायचं नाही. दुसरं लिहिल्यावरच तिसरं. मला हे फार अपमानास्पद वाटायचं. साठीच्या जवळ आलेल्या, पोरांना प्रस्तावना-मध्य-समारोप घोकवलेल्या बाईनं असं चाचपडत चालावं? पण चाचपडत लिहिलेलं जिवंत होतं आणि वहीतले सात जण अजून गादीवर तसेच बसले होते, त्याला मी काय करू?

गावभर एकच प्रश्न. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात यंत्र घालून विचारलं, "काकू, बाई कुठं चालल्या आहेत हो?" मी "आं" केलं. त्या म्हणाल्या, "नाही सांगणार ना? बरोबर आहे, सस्पेन्स आहे." आयुष्यात पहिल्यांदा दाढ दुखते याचं समाधान वाटलं. नणंदेचा अमरावतीहून फोन आला. तिनं आडवळणानं, तब्येत-पाणी विचारून शेवटी विचारलं, "वहिनी, दादाचं अन् तुझं बरं आहे ना?"

"काहून?"

"नाही, आपलं सहज. रविवारचं वाचलं."

मी हसण्यावारी नेलं. पण मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. नवरा स्वतःचा कप स्वतः विसळत होता. दुपारचा चहा करत होता. चहात साखर आधी की पत्ती आधी, हे विचारायला तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचा आणि माझ्या चेहऱ्याकडे बघायचा. एकदा मी भाजीला निघाले तर त्यानं किती वाजता येणार ते विचारलं नाही. मी पायऱ्या उतरले, मागे वळून पाहिलं. तो गॅलरीत उभा होता आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होता. पिशवी तर रोजचीच होती.

बाई उतरल्या त्या जागी मी स्वतः जाऊन आले. नरखेड तालुक्यात माझा धाकटा भाऊ संत्र्याची बाग करतो, त्याच्याकडे. म्हटलं, बांधावर बसल्यावर काही सुचेल. त्याच्या बागेत पाटाला पाणी नव्हतं, झाडं मलूल.

"काय गा, पाणी नाही देऊन राहिला?" मी विचारलं.

"ताण दिला ना ताई. पाणी तोडलं की झाड घाबरते, अन् मग फुलते. ताणाशिवाय बहार नाही."

मला इतका आनंद झाला, की पर्समधून कागद काढून मी ते टिपून घेतलं. चार आठवडे मी ज्या घाबरलेल्या अवस्थेत होते, तिला भावानं शेतकी आधार दिला होता. "मागच्या खेपेले मग चांगलं फुललं असन?" मी विचारलं.

"नाही वं ताई. मागच्या खेपेले फूल नाही आलं. पानंच गळली."

मी कागद परत पर्समध्ये ठेवला. "मग या खेपेले काहून ताण दिला?"

"मंग काय करू?" तो म्हणाला. "द्या लागते." आणि मोटरसायकलवरून मला स्टँडवर सोडायला निघाला.

घरी आले तर नवऱ्यानं टेबलावर एक मोठा आलेखाचा कागद पसरून ठेवला होता. वर लाल पेन्सिलीनं रेषा, बारीक सुंदर अक्षर. त्यानं माझ्या कादंबरीचं वेळापत्रक केलं होतं. रकाने असे: भाग, सुटण्याचं ठिकाण, थांबे, पोहोचण्याचं ठिकाण, शेरा. पाचव्या भागात बाई बगीच्यात विश्रांती घेणार, थांबा वीस मिनिटं. सहाव्या भागात परतीच्या गाडीत बसणार. सातव्यात नागपूर. आठव्यात घर, आणि शेऱ्यात लिहिलं होतं, 'सर्व सुखरूप.'

"तुले मुद्दे लागतात ना," तो म्हणाला. "तुयी ओढाताण पाहावत नाही. मी काढून देल्ले."

मला भरून आलं आणि हसू पण आलं. नाही म्हणवेना. त्या बुधवारी मी त्याच्या वेळापत्रकाप्रमाणे पाचवा भाग लिहिला. बाईंनी वीस मिनिटं विश्रांती घेतली. झाडं हिरवी होती, पाखरं गात होती, बाईंना घरची आठवण येत होती. लिहून झाल्यावर मी सवयीनं लाल पेन उचललं आणि खाली गुण दिले. दहापैकी चार, आणि ते चारही हस्ताक्षराचे. बाई माझ्याकडे बघत होत्या, त्या गादीवरच्या सात जणांसारख्या. मी कागद फाडला आणि पाऊण तासात तोच भाग नव्यानं लिहिला. त्यात बाई बांधावर बसून राखणदाराशी भांडल्या, कारण त्यानं त्यांना 'वाट चुकल्या का' असं विचारलं. नवऱ्यानं टाइप करताना एकदा आलेखाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. आलेख गुंडाळून कपाटावर ठेवला.

सहावा भाग मी लिहिला, त्यानं टाइप केला, बुधवारी गेला. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी पुरवणी उघडली. शेवटाकडे आले आणि माझा हात थांबला. माझा भाग जिथं संपला होता, तिथं तो संपला नव्हता. पुढं तीन वाक्यं होती. 'बाईंनी राखणदाराचा मोबाइल मागून घेतला. घरचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली.' आणि मग 'क्रमशः'.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तो बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होता, तिथं मी पेपर नाचवतच गेले.

"हे काय आहे? माझ्या बाईले तुम्ही हात कसा लावला?"

"हात कुठं लावला? नुसती घंटी वाजवली. उचलला कुठं कोणी?"

"पण काहून? तुमचं काय अडलं होतं?"

त्यानं झारी खाली ठेवली. "दीड महिना झाला वं," तो म्हणाला. "त्या माणसाले काही पत्ता नाही. बाई जिवंत आहे का कुठं पडली. दाराले कुलूप नाही. तो घरात बसून काय करत असन, एका ओळीत तरी लिहिलं का तू? मले नाही पाहावलं."

"कोण्या माणसाले?"

"त्याच. नवऱ्याले," तो म्हणाला आणि झारी उचलून भरलेल्या कुंडीतच पुन्हा पाणी घालायला लागला.

मी तशीच उभी. भांडायला घेतलेला सगळा दारूगोळा हातात होता आणि फेकावासा वाटेना. बाई नवऱ्याला सोडून चालल्या आहेत, असं मी कुठंही लिहिलं नव्हतं. चालल्या नाहीत, असंही लिहिलं नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं. आणि हा माणूस सहा आठवडे दर बुधवारी दोन बोटांनी ते टाइप करत होता.

सोमवारी संपादकांचा फोन. फारच खुशीत. "काय वळण घेतलंय! सुरुवातीपासून योजलेलं होतं ना हे?"

माझा बांध फुटला. म्हटलं, "सर, कादंबरी झालेली नाही. होऊन राहिली आहे. म्हणजे होते आहे. आमच्याकडे असंच म्हणतात. माझ्याकडे पुढचं एक पान नाही."

"म्हणजे बाई कुठं चालल्यात, ते..."

"मलाही माहीत नाही."

"अहो, पण मी घरी बायकोला सांगून बसलोय की मला शेवट माहीत आहे," ते केविलवाण्या आवाजात म्हणाले. मग जरा सावरून, "बुधवारी बारापर्यंत मात्र पाठवा हं."

आणि बुधवार उजाडला. घंटी वाजत होती. तीन दिवस माझ्या डोक्यात ती वाजत होती. मी लिहिलं, 'पलीकडे फोन उचलला गेला.' मग लिहिलं, 'नवरा म्हणाला,' आणि पेन थांबलं. काय म्हणेल तो? राखणदार काय म्हणेल, कंडक्टर काय म्हणेल, मला चटकन ऐकू आलं होतं. याचं एक अक्षर ऐकू येईना. मी आठवायला लागले, की माझा नवरा फोनवर काय म्हणतो. 'किती वाजता येतेस.' दुसरं काय? काहीच आठवेना. एकतीस वर्षांच्या संसारात मी त्याला फोनवर दुसरं काही बोलताना ऐकलंच नव्हतं, आणि मीही कधी वेळेखेरीज त्याला काही सांगितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. त्याच्यासाठी की माझ्यासाठी, ते तेव्हा कळलं नाही.

मी खाली पाच ओळी कोऱ्या सोडल्या आणि कागद त्याच्यापुढे ठेवला. "तुम्हीच वाजवली घंटी," मी म्हटलं. "आता तुम्हीच उचला."

तो संगणकापाशी बसला. टकटक ऐकू आली, बंद झाली. पुन्हा टकटक, मग एकच कळ बराच वेळ दाबून धरल्यासारखी. दहा वाजले. मग तो उठला, स्वयंपाकघरात जाऊन खिचडीचा कुकर चढवून आला. आताशा त्याला तेवढी यायला लागली होती. परत येऊन बसला. मी शेजारी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर 'नवरा म्हणाला,' एवढंच होतं आणि पुढे ती उभी रेघ लुकलुकत होती.

"मले सुचून नाही राहिलं," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे पुढचा थांबा नव्हता. "'किती वाजता येतेस' एवढंच येते. ते लिहिलं अन् खोडलं. पाच वेळा खोडलं."

"काहून खोडलं?"

"असं कोणी विचारते का? इतक्या दिवसांनी ती फोन करून राहिली, अन् हा टाइम विचारते?"

आम्ही दोघं त्या रेघेकडे बघत बसलो. कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. कोणी उठेना. तिसरी, चौथी. मी त्याच्या हातांकडे पाहत होते, ते कळांवर तसेच ठेवलेले होते. पाचवी झाली, आणि आणखी एक झाल्यावर मला एकदम करपल्याचा वास आला.

"अहो, गॅस!" मी ओरडले. तो चपला सरकवत धावला.

आणि मला ते ऐकू आलं. मी त्याच्या खुर्चीवर बसले आणि मला येत नसलेलं टायपिंग एका बोटानं करायला लागले. पलीकडे फोन उचलला जातो. कोणी बोलत नाही. बाईही बोलत नाहीत. मागे कुठंतरी कुकरची शिट्टी होते. बाई मोजतात. एक, दोन, तीन. त्यांच्या माघारी घरात कोणी कधी कुकर लावला नव्हता. पाचव्या शिट्टीला बाईंना राहवत नाही, त्या बांधावरून ओरडतात, 'अहो, गॅस बंद करा!' चपलांचा आवाज लांब जातो. सगळं शांत होतं. मग चपला परत येतात, आणि नवरा म्हणतो, 'केला.'

एवढंच. ते 'केला' उमटवताना मला रडू फुटलं. बाई घरातून का निघाल्या, ते मला त्या शब्दापाशी कळलं. ते छापण्यासारखं काही मोठं कारण नव्हतं. आपण नसलो तर घरात काय होतं, ते त्यांना एकदा ऐकायचं होतं.

नवरा मागे येऊन उभा राहिला होता. चष्मा लावून त्यानं सगळं वाचलं, सावकाश, मग पहिल्यापासून पुन्हा. नाक ओढलं.

"पाच नाही," तो म्हणाला. "सहा झाल्या होत्या."

"बरं, सहा करा."

त्यानं सहा केल्या. माझ्या टायपिंगच्या अकरा चुका काढल्या आणि बाराला सात मिनिटं कमी असताना मजकूर पाठवून दिला. मग तो खुर्चीवर तसाच बसून राहिला.

"आता येईन का वं ती घरी?" त्यानं विचारलं.

त्याला खोटं सांगणं सोपं होतं. पण इतके बुधवार त्यानं माझं खरं टाइप केलं होतं. "मले खरंच माहीत नाही," मी म्हटलं.

मला वाटलं, आता कपाटावरचा आलेख खाली येईल. तो उठला, स्वयंपाकघरातून दोन ताटल्या आणल्या आणि खिचडीचा लागलेला थर सोडून वरवरची वाढायला लागला.

"घाई नाही म्हणा तिले," तो म्हणाला, आणि माझ्या ताटलीत लोणचं वाढलं.